वरवंट्याचं बारसं

बोरी अरब, तालुका दारव्हा
ता. १४ फेब्रुवारी १९६०

चि. पुंडलिकराव यांस,

तुमच्या भाऊजींचे आणि तुमच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे बाईचे, दोघांचे मिळून आशीर्वाद. (बाईचे थोडे कमी धरावेत, ती रागात आहे. कारण पुढे येईल.) इकडे आम्ही खुशाल आहोत. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी शरीर सांगितलं ते ऐकतं. तुमची, सौ. विमलची आणि घरात जी नवी पाहुणी आली आहे तिची प्रकृती सविस्तर कळवावी. तिचं नाव लिहिता येत नाही म्हणून ‘नवी पाहुणी’ लिहिलं, आणि हे सारं पत्र त्या न लिहिलेल्या नावाबद्दलच आहे.

तुमचं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळालं. (पत्त्यावर तुम्ही अजून ‘मध्यप्रदेश’ लिहिता. तुम्ही पंचावन्न साली गेलात आणि आम्ही छप्पन साली घराचा उंबरा न ओलांडता मुंबई राज्यात आलो. आता आणखी कुठे तरी नेणार म्हणतात. तरी पत्र पोचतं, कारण आपला रामलाल पोस्टमन राज्य बघत नाही, अक्षर बघतो.) चार पानांचं पत्र. पहिल्या पानावर युगांडातला पाऊस, दुसऱ्यावर तिथला कापूस, तिसऱ्यावर तुमच्या जिनिंग कारखान्यातल्या रोलरचं दुखणं, आणि चौथ्यावर असं की मे महिन्यात करार संपतो, पण शेठजी आणखी पाच वर्षं थांबा म्हणतात आणि तुम्हालाही थांबावंसं वाटतं. हे सगळं झाल्यावर पानाच्या कडेला, आडव्या, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘विमल २८ नोव्हेंबरला बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. बाईला हळू सांगा. नाव तिनंच ठेवायचं, पत्रानं कळवावं.’

पुंडलिकराव, मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली. नापास झालेलं पोरगं प्रगतिपुस्तक असंच दुमडून घरी नेतं. पन्नासाव्या वर्षी बाप होणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे मी तुम्हाला लिहून देतो.

‘हळू सांगा’ ही तुमची आज्ञा मी तंतोतंत पाळली आणि तिथेच चुकलो. तुमची बाई तीळ निवडत बसली होती. एकदम सांगायचं नाही म्हणून मी युगांडातल्या पावसापासून सुरुवात केली. कापसापर्यंत ती ऐकत होती. रोलरपर्यंत आलो तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. मी इतका वेळ घेऊन, इतक्या मऊ आवाजात वाचतो आहे म्हणजे तिकडे कोणी तरी गेलं, असं तिनं धरलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग हळू सांगणं राहिलं बाजूला. मी ओरडलो की अगं, पुंडलिकला मुलगी झाली! ती म्हणाली, “कोनत्या पुंडलिकाले?” मी म्हटलं, तुझ्या. त्यावर ती रडत होती तिथूनच हसायला लागली. मग बोटांवर विमलचं वय मोजलं, त्रेचाळीस निघालं, पुन्हा मोजलं. मग विचारलं, “बारावा दिवस कधी हाय?” तारखा पाहून मी सांगितलं की पोरगी आज सेहेचाळीस दिवसांची आहे. तेव्हापासून राग आहे.

तुम्हाला मी काय सांगावं? आई गेली तेव्हा तुम्ही तीन वर्षांचे होता आणि तुम्हाला कडेवर घेऊनच ती या घरात नांदायला आली. आम्हाला मूल झालं नाही. आत्या होणं एवढंच तिच्या वाट्याला आलं, तेही एकदाच. चोवीस वर्षांपूर्वी तुमच्या थोरल्या लेकीच्या कानात तिनं मोठ्या हौसेनं ‘अन्नपूर्णा’ सांगितलं. आणि आज घाटंजीला जाऊन अन्नपूर्णेचं सासर विचारा, कोणी सांगणार नाही. बेबी म्हटलं की चार जण बोट दाखवतील. ते तिला अजून लागलेलं आहे. त्यामुळे या खेपेस तिनं ठरवलं आहे की काही ढिलं सोडायचं नाही.

मी म्हटलं, नाव सांग, आजच्या टपालानं घालतो. तर म्हणाली, “नाव काय मनिऑर्डर हाय का, धाडली अन् सही घेतली? आधी कानात सांगा लागते. पत्रात लिवलं त रामलाल वाचन, दारव्ह्याचा पोस्टमास्तर वाचन, बोटीवरचे गोरे वाचतीन, मंग पोरगीचा नंबर. सगळ्याइचं उष्टं नाव तिले कायले?” (बोटीवरच्या गोऱ्यांना मराठी येत नाही, हे मी सांगून पाहिलं. तिचा त्यांच्यावर विश्वास नाही.)

आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं बारसं काढलं. पोरगी तिकडे, बारसं इकडे. माळ्यावरून बेबीचा पाळणा उतरवून मला तेलपाणी करायला लावला. शेरभर नव्हे, पायलीभर घुगऱ्या शिजवल्या. तीस बायका आल्या. आल्या त्या पहिल्यांदा पाळण्यात वाकून बघत आणि मग माझ्याकडे. “पोरगी कुठी हाय, मास्तर?” मी म्हणे, युगांड्यात. मग त्या जरा थबकत, पण घुगऱ्यांचा वास येत होता, त्यामुळे बसत.

आता रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आधी वरवंटा न्हाऊ घालून, तेल लावून, कपड्यात गुंडाळून पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत फिरवायचा, मग पाळण्यात ठेवायचा, मग मूल. बाईनं वरवंट्याला नवी कुंची शिवली होती, हिरव्या खणाची, गोंडे लावून. वरवंटा फिरला, पाळण्यात निजला, बायकांनी पाळणा म्हटला. इथवर सगळं रीतीनं झालं. पुढची पायरी मुलाची, आणि मूल तर नाही. मग तुमची बाई उठली, पाळण्यात वाकली आणि तिनं वरवंट्याच्या टोकाशी ‘कुर्र’ केलं. आत्या वाकली की तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत. तीस बायकांनी ती मनापासून पाळली. पलीकडच्या तांड्यावरची आपली धनीबाई आली होती. तिचा हात तुम्हाला आठवतो का? बैल चुकला तर ती त्याला हातानं वळवते. तिचा एक बुक्का बसला आणि बाईचं कपाळ पाळण्याच्या दांडीला लागलं. टेंगूळ आलं. ते खोबरेल लावून आठ दिवसांनी गेलं. (रागाच्या यादीत हेही तुमच्याच नावावर आहे.)

ती सरळ उभी राहिल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय ठेवलं नाव? आणि ती म्हणाली, “कानच नाई, त सांगू कोनाले? पोरगी येईन तवा सांगीन.” नाव ऐकल्याशिवाय घुगऱ्या घेऊन घरी जाणाऱ्या तीस बायका मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्या. त्यांना ते पचलं नाही. दोन दिवसांत गावानं स्वतःच सोय केली. आता बाजारात मला विचारतात, “मास्तर, आफ्रिकाबाई कशी हाय?” रामलाल दारातून ओरडतो, आफ्रिकाबाईचं पत्र नाही आलं! मी हसण्यावारी नेत होतो, पण परवा मीच बोलता बोलता घरात ‘आफ्रिकाबाई’ म्हणून गेलो. तुमच्या बाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते लिहीत नाही. एका भाचीची ‘बेबी’ झाली, दुसरीची ‘आफ्रिकाबाई’ होते आहे, आणि ते थांबवणं तिच्या हातात नाही.

आता माझं दुःख ऐका. बारसं झालं, पाळणा तसाच टांगलेला आहे, आणि वरवंटा त्यात आहे. तो काढायचा नाही. मूल पाळण्यात आल्यावर वरवंटा बाहेर यायचा, ही रीत, तेव्हा मूल येईपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही, हा तिचा कायदा. रोज सकाळी ती त्याला तेलाचा हात लावते, कुंची सारखी करते, जाता येता झोका देते. पाटा एकटा मोरीजवळ पडून आहे. तीन आठवडे घरात चटणी नाही, वाटण नाही, ठेचा नाही. बिनवाटणाची भाजी आणि भाकर. मी तक्रार केली तर म्हणाली, “पोरगीच्या जागी निजला हाय तो. त्याच्यानं मिरच्या वाटू?” मास्तरकीत असले प्रश्न येत नाहीत.

म्हणून मी बाजारच्या दिवशी पाथरवटाकडून गुपचूप दुसरा वरवंटा घेतला. धोतराच्या सोग्यात लपवून आणला. (गुडघा कुरकुरण्याचं खरं कारण थंडी नव्हे.) अंगणातच तिनं पकडलं. वरवंट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काहून? पुंडलिकाले जुळं झालं का?” धनीबाई तेवढ्यात ताक मागायला आली होती. ती हसत हसत ओट्यावरच बसली. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी, की युगांड्यात जुळं झालं. दुसऱ्या दिवशी तीन जण अभिनंदन करून गेले. नवा वरवंटा आता दार अडवायला वापरतो.

घाटंजीहून बेबी येऊन गेली. पहिल्या दिवशी रडली. आईचं बाळंतपण लेकीला करता आलं नाही, असं उलटंच रडणं. मी म्हटलं, अगं, जगात आया लेकींचं करतात. तर म्हणाली, मग माझ्या आईचं कोण करणार होतं? ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र मायलेकी (तुमच्या बाईला ती मायच म्हणते) पाळण्याशी बसून हसत होत्या. बेबीच्या चार वर्षांच्या लेकीला सांगितलं, तुला मावशी झाली. तिनं विचारलं, मावशी रांगते का?

पुंडलिकराव, मी हे सगळं नुसतं करमणूक म्हणून लिहिलं नाही. तुम्ही पत्रात शेठजींचं नाव पुढे केलंत, पण मला समजलं. नातीपेक्षा लहान लेक कडेवर घेऊन बोरीच्या बाजारातून जायचं, याची तुम्हाला लाज वाटते. पाच वर्षांत पोरगी चालती होईल, लोकांच्या लक्षात येणार नाही, असा तुमचा हिशेब. तो चुकला आहे. कारण हसायचं ते गाव तीन आठवड्यांत हसून मोकळं झालं. तुमच्या वाटणीचं सगळं हसू मी आणि वरवंट्यानं मिळून घेतलं. आता तुम्ही आलात तर लोक फक्त पोरगी बघायला येतील. धनीबाईला मी मुद्दाम विचारलं, लोक काय म्हणतात. ती म्हणाली, “माही माय पंचेचाळीसची व्हती तवा मी झाली. मी काय वाईट निघाली?” तिच्या बुक्क्याचा अनुभव घेतलेल्या घरातून मी सांगतो, मुळीच वाईट निघाली नाही.

तेव्हा करार मेमध्ये संपू द्यावा आणि तिघांनी यावं. सौ. विमलला अनेक आशीर्वाद. पाहुणीला पापा.

तुमचा,
भगवानराव

ता. क. बाई सांगते ते लिहितो. विमलनं डोक्याला बांधल्याशिवाय बाहेर निघू नये. गार पाण्यात हात घालू नये. शेपा आणि ओवा तिकडे मिळत नसेल तर कळवावं. पोरीला पाठवण्यासारखी कुंची तयार आहे, पण ती सध्या वरवंट्याच्या अंगात असल्यामुळे पाठवता येत नाही.

ता. क. दुसरा. (बाई ताक करायला गेली आहे, हे फक्त तुमच्यासाठी.) नाव ठरलेलंच नाही. बारशाच्या दिवशीही नव्हतं. काल मला हळूच म्हणाली, “तुमी इतकी वर्सं हजेरी घेतली, एखांदं चांगलं नाव सांगा न.” मी म्हटलं, मग एवढं लपवत काय होतीस? तर म्हणाली, “नाव धाडलं असतं त ते कायले आले असते?” तेव्हा असं करा. अडीच महिने विमल पोरीला नुसतं ‘अगं ए’ म्हणत असेल, हे मला कोणी सांगू नये. ती जे नाव घेते ते चिठ्ठीवर लिहून शाळेच्या पत्त्यावर धाडा (निवृत्त झालो तरी तिथलं माझं टपाल मला मिळतं). मी जुन्या हजेरीपुस्तकातल्या दहा नावांमध्ये ते मिसळीन आणि बाई तेच उचलेल असं बघीन. बरोबर उत्तर पोरांकडूनच काढून घेण्यात माझी हयात गेली. चिठ्ठी मी जाळून टाकीन. पण चिठ्ठीच्या मागोमाग कान आले पाहिजेत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. डिंक लावायला घेतला आणि ती आली. विचारलं, पाच वर्षांचं काय लिहिलं? मी म्हटलं, येऊ नका असं तर नाही लिहिलं. पाळण्याला एक झोका देऊन ती म्हणाली, “पाच वर्सानं आनली त ते पोरगीच मले आपलं नाव सांगन. मंग आत्या कायले पायजे?” आणि म्हणाली, हे लिहू नका.

म्हणून लिहिलं.