न झालेल्या न्यायमूर्तींचा नारळ

बारामती,
शुक्रवार

तीर्थस्वरूप तात्यांना,

रेश्माचा नमस्कार, आणि तो वाकूनच, कारण बार रूममध्ये ज्युनिअरच्या वाट्याला येणारं टेबल इतकं बुटकं आहे की त्यावर ताठ बसून लिहिताच येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? तारखेला इंदापूरहून एसटीने येता तेव्हा मागच्या बाकावर बसू नका, तिथे धक्के जास्त बसतात. मुक्ताकाकूंना सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली. (बरणीचं झाकण उघडलं की वादी-प्रतिवादी दोन्हीकडचे वकील माझ्या बाजूला येतात.) ऋषिराजच्या छकुलीला दात आला का?

आपण एकाच दाव्यात समोरासमोर उभे असताना हे पत्र लिहावं का, यावर मी फार विचार केला. तुम्ही मोरगावच्या विजयसिंहांचे वकील, मी बानूबाईंची, आणि तीही विधी सेवा समितीने फुकट नेमून दिलेली. नेमणूक झाली त्याच दिवशी मी कोर्टाला लेखी कळवलं होतं की विरुद्ध बाजूचे वकील माझे सख्खे चुलते आहेत. साहेबांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की या तालुक्यात नात्यात नसलेला वकील समोर आला तरच लेखी कळवत जा. सगळं कोर्ट हसलं. तुम्हीही हसलात, मी पाहिलं.

दावा तुम्हाला पाठ आहे, पण हे पत्र काकूंनाही वाचून दाखवाल म्हणून सांगते. बानूबाईंच्या सासऱ्यांच्या आधीपासून त्यांची मेंढरं, आणि आता मेंढरं गेल्यावर उरलेल्या शेळ्या, विजयसिंहांच्या बांधावरून ओढ्याला जायच्या. विजयसिंहांनी बांधाला तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून शेळ्या डांबरी रस्त्याने वळसा घालून जातात, आणि गेल्या हंगामात एक गाभण शेळी उसाच्या ट्रॉलीखाली गेली. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तरी वाट मोकळी ठेवा, एवढाच आपला सोमवारचा अर्ज. (आपला नव्हे, माझा. सवयीने लिहून गेले.)

या अर्जाने मला आधीच पुरेसं छळलं आहे. आता सगळं ऑनलाइन दाखल करायचं असतं. पहिल्यांदा सगळी पानं उलटी स्कॅन झाली. मग फाइल जड आहे म्हणून परत आली. त्यानंतर जी दाखल झाली ती शेजारच्या टेबलावरच्या वकिलांची पोटगीची केस, माझ्या सहीने. ती मागे घ्यायला वेगळा अर्ज, आणि त्यात कारण लिहावं लागतं. मी जे घडलं तेच लिहिलं, तर क्लार्क हळूच म्हणाले, "मॅडम, एवढं खरं कुठं लिहित्यात व्हय?" त्यात फौजदारी कायद्यांची नावं आणि आकडे बदललेले. मी रोज नवी कलमं घोकते, पण बानूबाईंच्या वस्तीवर लबाडाला अजून चारशेवीसच म्हणतात. तीनशेअठरा म्हटलं तर त्यांना ते गाडीचा नंबर वाटतो.

पण खरी फजिती पुढेच आहे, आणि तिचं मूळ तुमच्या घरात आहे. मी कायदा शिकले तो कॉलेजच्या आधी, तुमच्या पंगतीत. ऋषिराजने माझी भाकरी पळवली अशी तक्रार केली की तुम्ही विचारायचात, स्वतः पाहिलंस का? काकू म्हणाल्या असं उत्तर दिलं की तक्रार फेटाळली जायची, आणि तोवर भाकरीही संपलेली असायची. निवाड्यांच्या बाबतीत नियम याहून कडक. छापील पानाला स्वतःचं बोट लागल्याशिवाय निवाड्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. (ऋषिराज दुधाच्या धंद्यात गेला तो या जाचाला कंटाळूनच, असं तो आजही सांगतो.) आणि त्याच घरात, छकुलीच्या बारशाच्या पंगतीत, तुम्ही सगळ्यांना नवा फोन दाखवत फिरलात. "ह्यो माझा नवा ज्युनिअर. चहा मागत न्हाय, रजा मागत न्हाय, इचारलं की निवाडा काढून देतो." मी तुमची जुनी ज्युनिअर वरण वाढत होते. मला जरा लागलं, पण मोहही झाला.

म्हणून मीही माझ्या फोनमधल्या एआयला बानूबाईंची हकीकत सांगितली. त्याने क्षणात निवाडा दिला, आणि तो काय निवाडा! उच्च न्यायालयाचा, खंड आणि पान यांसकट. त्यात न्यायमूर्ती म्हणतात की पशूंचे खूर हेच वाटेचे खरे दस्तऐवज होत. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच भरात मी बानूबाईंना फोन करून सांगितलं की आपल्यासारख्याच प्रकरणात एका मोठ्या न्यायमूर्तींनी शेळ्यांच्या बाजूने निकाल दिला आहे. मग बार लायब्ररीत जाऊन पान काढलं. त्या पानावर एका सिनेमागृहाच्या पंख्यांचा वाद होता. पंखे फिरत नव्हते म्हणून प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले होते. मागची पुढची पानं चाळली, दुसरे खंड काढले, संकेतस्थळावर शोधलं. शेळ्या कुठेच नाहीत. ते न्यायमूर्तीसुद्धा कधी झालेले नाहीत.

हे फोनवर सांगणं मला बरं वाटेना. मी एसटीने मोरगावला गेले. बानूबाई दावणीपाशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यो जज्ज असं बोललाच न्हाय?"

मी म्हटलं, असे जज्जच झाले नाहीत.

"आन् म्या त्येच्या नावानं गणपतीला नारळ फोडला की गं." मग थोडा वेळ एका करडाच्या कानातला गोचीड काढत बसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दी. गणपतीला पोचला आसंल. तू पुढचं बघ."

पुढचं म्हणजे मी पुण्याला जाऊन ग्रंथालयात दिवसभर बसले. वाटेच्या वहिवाटीवरचा एक खरा निवाडा मिळाला. तो मुळीच गोड नाही, अर्धा तर माझ्याच विरुद्ध आहे, पण बोट लावून आले आहे. सोमवारी त्याच्यावरच उभी राहणार. त्याची प्रत सोबत जोडली आहे, विरुद्ध अर्ध्यासकट. तुमच्या लेखी युक्तिवादाची प्रतही मला मिळाली. भाषा नेहमीसारखी खणखणीत आहे. एका ठिकाणी मात्र फार गोड वाटली, त्याबद्दल खाली लिहिते.

काकूंना नमस्कार, छकुलीला पापा.

तुमची, आणि सोमवारपुरती समोरची,
रेश्मा

ता. क. तुमच्या सहाव्या परिच्छेदात एक निवाडा आहे. त्यात न्यायमूर्ती म्हणतात की पशू हे वाटेचे निर्माते नसून केवळ प्रवासी होत. तात्या, हे वाचताच मी ओळखलं, आपल्या दोघांचे न्यायमूर्ती एकाच घरचे आहेत, फोनमधले. पुण्याला मी गेले ती आधी तुमच्या निवाड्यासाठी. तुम्ही लिहिलेलं पान त्या खंडात नाहीच, खंड त्याच्या कितीतरी आधी संपतो. सगळीकडे शोधलं. असा निवाडा झालेला नाही. सोमवारी पुकारा झाला की तुम्ही स्वतः उभे राहून तो मागे घ्या, एवढंच मागण्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही उठला नाहीत तर मी उठेन.

दुसरी ता. क. हे गप्प ठेवून भर कोर्टात काढलं असतं तर फायदा बानूबाईंचाच होता. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय तुम्हाला लिहिणं मला पटेना. त्या म्हणाल्या, "चुलता हाय तुजा. चारचौघांत त्येचा फेटा उतरवू नगं, आधी सांग त्येला. पर माज्या शेळ्यांची वाट सोडलीस तर मी तुला न्हाय सोडायची."

तिसरी ता. क. तुम्ही कुठलाही दावा खालून वाचता, आधी मागणी आणि मग हकीकत. तेव्हा हे तुम्ही सगळ्यात आधी वाचत असणार, आणि वरची चटणी, पंखे, नारळ हे सगळं काकूंच्या वाट्याचं. पत्र ऋषिराजच्या दुधाच्या गाडीने पाठवते आहे, म्हणजे उद्या सकाळी हातात पडेल. सोमवारी डबा दोघांचा आणते. निवाडा मागे घेतल्यावर युक्तिवाद मात्र हातचं राखून करू नका. हातात काही नसताना तुम्ही कसे लढता ते मला पाहायचं आहे, आणि मग जिंकायचं आहे.