ढकललं कोणी?

३ फेब्रुवारी
...आणि परत मॅरेनच! हालबर्ग वकिलांच्या ऑफिसात इंटर्नची एकच जागा, तीही तिला. मार्क दोघींचे सारखे! "हे बघ जोडी, ती आधी ऐकते, मग बोलते," आमच्या कायद्याच्या वर्गाचे टिबेट्स सर मला म्हणाले. म्हणजे मी काय, बडबडी?

५ फेब्रुवारी
टॉर्टची, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याची, उजळणी. निष्काळजीपणा सिद्ध करायला चार गोष्टी — कर्तव्य होतं, ते चुकलं, त्या चुकीमुळेच झालं, नुकसान झालं. मला झोपेतही येतं!

सरांनी विचारलं, "तळ्यात कुणी बुडतंय. तुम्ही काठावर. उडी मारायचं बंधन आहे?"

मी ओरडले — "नाही!"

मॅरेन हळूच म्हणाली, "त्याला ढकललं कोणी, त्यावर आहे, सर."

सर खूश. "शाब्बास! आपणच ढकललं असेल, तर वाचवणंही आपल्याच गळ्यात."

असला जळफळाट झाला!

१५ फेब्रुवारी
चर्चच्या तळघरात जेवण. मी हॉटडिश, म्हणजे बटाटा-मांसाची भाजलेली खीमट, वाढत होते. आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या मिसेस ओडेगार्ड सप्टेंबरच्या मध्यात शहराच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवरून पडल्या — कठडा तुटका, खुबा मोडला. "पोरी, तू कायद्याचं शिकतेस ना? दावा कधीपर्यंत लावता येतो गं?"

आम्ही विद्यार्थी, वकील नाही; आम्हाला सल्ला द्यायचीच बंदी. 'वकिलांना विचारा,' बस. पण डोक्यात मॅरेन! म्हटलं, "मी हालबर्गसाहेबांकडेच असते ना! दोन वर्षं आहेत हातात. आधी बऱ्या व्हा."

केवढं भारी वाटलं!

१७ फेब्रुवारी
मिसेस ओडेगार्डनी दालचिनीचे रोल पाठवले. 'आमच्या वकीलबाईंना.'

२ मार्च
आज वर्गात मुदती. दावा शहरावर, म्हणजे नगरपालिकेवर, असेल तर सहा महिन्यांच्या आत नोटीस द्यावी लागते! मिसेस ओडेगार्डना तर मी दोन वर्षं सांगितली! अजून दोन आठवडे आहेत. उद्या सांगतेच.

३ मार्च
हालबर्गांनी मॅरेनला ऑफिसची किल्ली दिली. स्वतःची किल्ली! दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

११ एप्रिल
मिसेस ओडेगार्ड काल हालबर्गांकडे गेल्या. मुदत उलटलेली. "तुमच्याच ऑफिसातली कॉलेजची मुलगी म्हणाली!" तिथे कॉलेजची मुलगी एकच. मॅरेन सांगत राहिली, "मी यांना कधी भेटलेच नाही." म्हातारीला धड दिसत नाही. कुणी ऐकेना.

मी आज क्लासला गेले नाही.

१२ एप्रिल
सरांचा फोन. "मॅरेनला काढलं गं. सोमवारपासून तू जाशील?"

"हो" म्हणाले. लगेच!

आता तूच सांग, डायरी. मॅरेन पाण्यात, मी काठावर. ढकललं कोणी, ते फक्त तुला माहीत आहे. मारावी लागेल ना उडी?