चौदा माणसं जास्त

॥ श्री ॥
नांदुरा, ता. ५ फेब्रुवारी १९६१

सौ. शालूबाईस,
धाकट्या सुपड्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र नांदुऱ्याहून आलं म्हून घाबरू नको. मोताळ्यात घरी सारे खुशाल हायेत. मी बी खुशाल हाये, फक्त घरी नाई. आई-बाबाले सांगतलं का शेगावले महाराजांच्या प्रकटदिनाले चाललो. आईनं दशम्या बांधून देल्या. बाबा तं कधी नव्हे ते चारचौघांत म्हणले का माह्या पोराले एकोणिसाव्या वर्षी अक्कल आली. मले कसंनुसं झालं, पण दशम्या घेतल्या.

इथी सारी दुनिया उगवतीले शेगावच्या वाटेनं जाऊन राह्यली, अन् मी एकटा नाकासमोर, उत्तरेले. काऊन म्हणशीन तं सांगतो. आपल्या घाटावरच्या वावरातून हिवाळ्यात आभाळ साफ असलं का लांब एक निळी रेघ दिसते. सातपुडा. ज्याले त्याले इचारलं का तिथी काय हाये, तं सारे म्हणत, काही नाई. आता एवढी लांब रेघ अन् तिच्यावर काहीच नाई, हे मले पटत नाई. अशा थंडीत डोंगरात कोणी जात नाई म्हणतात. जत्रा नाई, बाजार नाई, काही नाई. म्हूनच चाललो. गर्दी नसली का झोपाले सारे पार अन् देवळं आपलेच.

संगं घोंगडी, लोटा अन् माह्यी सातवीची अर्धी कोरी वही. पाहिलं ते लिहून आणतो, नाई तं मोताळ्यात माह्यावर कोण इसवास ठेवते. मोताळ्याहून इथवर जिनिंगच्या कापसाच्या गाडीवर निजून आलो. राजा बी असा आला नसन.

जामोदवरूनच जाईन, पण तुह्या घरी येनार नाई. भाऊजी मले उंबऱ्यातच पाढे म्हणाले लावतीन. उत्तर बऱ्हाणपूरले पाठव. बाबाचे दोस्त पंजाबराव तिथी जिनिंगात हायेत, डोंगर उतरून त्याईच्याकडं निघतो. भाऊजीले यातलं काही सांगू नको.

लोभ हाये तेवढाच ठेव, एकदम वाढवला तं भाऊजीले संशय येईन.
तुहा भाऊ,
सुपडा


॥ श्री ॥
जामोद, ता. ९ फेब्रुवारी १९६१

चि. सुपड्यास,
शालूबाईचे अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे माह्या परसातले तीन वांगे गेले, तेव्हाच समजलं का भाऊ येऊन गेला. म्हशीच्या गळ्यातली घाटी यांच्या सायकलच्या सीटखाली बांधायचं काही कारण होतं का? हे शाळेपर्यंत घणघण करत गेले. पोट्टे म्हणे मास्तरची म्हैस आली. सांजेले घरी आले ते माह्याशीच बोलेनात.

यांच्या मागं शिरगणतीचं काम लागलं. उद्यापासून माणसं मोजायची, अन् अठ्ठावीस तारखेले संपवायची. डोंगरातली बेहडा टापरी म्हून एक वस्ती यांच्याच वाट्याले होती, पण खालच्या पाटलानं सांगतलं का तिथले लोक कधीचे उठून गेले. यांनी 'उजाड' असं लिहून देलं. बरं झालं, तेवढी चढण वाचली.

आईनं शेजारच्याकडून पत्र लिहवून घेतलं, का सुपडा सुधारला, देवाले गेला. आता मी तिले काय लिहू ते तूच सांग. डोंगरात वाघरू हाये म्हणतात. घोंगडी पांघरून निजत जा, अन् पोचल्याचं लगेच लिही.

वांगे पोटाले बाधू नये एवढा लोभ अजून बाकी हाये.
तुह्यी बहीण,
शालू


॥ श्री ॥
बऱ्हाणपूर, ता. १६ फेब्रुवारी १९६१

सौ. शालूबाईस,
सुपड्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

वांगे लय गोड होते. मस्करी एवढीच. पुढचं सारं खरं हाये, अन् ते भाऊजीले वाचून दाखव.

जामोदच्या वर दोन दिवस चढलो. पहाटे दहिवरानं घोंगडी पिळून काढावी अशी ओली झाली, म्हून उन्हाची वाट पाहत कड्यावर जाऊन बसलो. ऊन आलं, अन् खाली आपला मुलूखच नव्हता. पूर्णेचं सारं खोरं धुक्यानं भरेल, जसा कोणी पिंजेल कापूस डोंगरापासून डोंगरापर्यंत काठोकाठ ओतला. त्याच्याखाली तुह्यं घर, भाऊजीची शाळा, नांदुऱ्याचा बाजार, माह्या एकोणीस वर्षांच्या साऱ्या खोड्या. आवाज नाई, कुत्र्याचा नाई का गाडीचा नाई. अन् त्या कापसाच्या पार पलीकडं, आभाळाले टेकेल, एक बारीक निळी रेघ. तो आपला घाट होता बाई. तिथी आपलं वावर हाये, विहीर हाये, आई हाये. पण इथून कोणी इचारलं असतं का तिथी काय हाये, तं मी बी म्हणलो असतो, काही नाई. मले हसू येत होतं, ते येता येता राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दशम्या सरल्या. झाडीत कोंबडा आरवला, त्या आवाजामागं गेलो तं अकरा घरं. कोरकू लोकाईची वस्ती, बेहडा टापरी. सारे रानात बांबू तोडाले गेलते, अन् एक म्हातारी तेवढी अंगणात बसेल होती, बुदीबाई नावाची. अंगात खाकी सदरा, काखेत वही, कानावर पेन्सिल, असं माह्यं सोंग पाहून ती उठून उभी राह्यली. अर्ध्या हिंदीत तिनं इचारलं का मोजणारा साहेब तूच का. पोटात भूक होती, अन् हाव म्हणायची मले सवय. म्हणलो हाव.

तिनं गोधडी अंथरली. माह्या हातावर स्वतः पाणी घातलं. मंग सांगाले लागली का बाजारात आयकलं, सरकार साऱ्या माणसाईले लिहून घेऊन राह्यलं, अन् जो लिहेल नाई तो नाईच. म्हून पाच दिवसापासून पाळीपाळीनं एक जण काम बुडवून वस्तीत बसे. मोजणारा येऊन रिकामा परत जाऊ नये म्हून. आज तिची पाळी होती.

तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती नावं सांगाले लागली होती, अन् मी लिहाले लागलो. एकेक घर, एकेक नाव. सांगताना माह्याकडं पाहेच ना, मधीमधी वस्तीच्या शेवटल्या मोहाच्या झाडाकडं पाहे. मले वाटलं लोक यायची वाट पाहते. सत्तावन नावं झाली. ती म्हणे आता वाचून दाखव. मी वाचलं. शाळेत माह्या वाचनावर छड्याच पडल्या. इथी एक म्हातारी दर नावाले मान हलवे, जसं तिच्या पदरात काही पडत होतं. मंग तिनं कुटकीचा भात वाढला अन् हात जोडले. आजवर शंभर जणाईले फसवलं असन. पण ज्याले फसवलं त्यानंच वाढावं अन् हात बी जोडावे, असं कधी झालं नव्हतं.

अन् इथी येऊन तुह्यं पत्र वाचतो तं बेहडा टापरी उजाड.

भाऊजी, तिथी सत्तावन माणसं हायेत. ते आता वाट पाहत नाईत, कारण त्याईले वाटते का ते लिहिले गेले. माह्यामुळं. मीच उलटा आलो असतो, पण पायात बोराटीचा काटा मोडला, पाय सुजून भोपळा झाला. पंजाबराव शेक देतात. अठ्ठावीस तारखेच्या आत तुम्ही वर गेले पाहिजे.

लोभ नसला तं नसू द्या, पण जा.
सुपडा


॥ श्री ॥
जामोद, ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. सुपडा यास,
भगवानराव मास्तरचे आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या बहिणीने वाचून दाखविले. दोन वर्षांपूर्वी साहेब शाळा तपासायला येणार म्हणून मला एक पत्र आले होते, ते तुला आठवत असेल. मी पदरमोड करून शाळेला चुना लावला, मुलांना हार घेऊन उन्हात उभे केले, हिने परातभर शिरा केला. साहेब आले नाहीत. तू आलास आणि शिरा खाल्लास. ते अक्षर आणि हे अक्षर एकच आहे.

वस्ती उजाड असल्याचे मी लिहून दिले आहे. आता तिथे माणसे आहेत असे कळवायचे म्हणजे न जाता लिहिले हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणे आले. तुझ्या शब्दावर मी ते करू का? तुझी वही पाठव. तिच्यात, आपण सरकारी माणूस असल्याचे खोटे सांगितले, असे लिहून खाली सही कर. मग बघतो.

पायाला हळद लाव. लोभाचे नंतर ठरवू.
भगवानराव


॥ श्री ॥
बऱ्हाणपूर, ता. २२ फेब्रुवारी १९६१

ती. भाऊजीस,
सा. न. वि. वि.

वही पाठवली. पंजाबरावांचा माणूस जामोदले चालला होता, त्याच्याच हाती देली. शेवटल्या पानावर कबुली हाये, पुरं नाव, बापाचं नाव, गाव, सही. पोलीस आले तं मी इथीच सरकीच्या ढिगावर सापडन, लंगड्याले पळता येत नाई.

शिरा मीच खाल्ला. साखर कमी होती, पण ते तेव्हा सांगता आलं नाई. या टायमाले मात्र आईची शपथ.

लोभ डोंगर चढून आल्यावर ठरवा.
सुपडा


॥ श्री ॥
जामोद, ता. २७ फेब्रुवारी १९६१

चि. सुपडा यास,
अनेक आशीर्वाद.

परवा बेहडा टापरीस जाऊन आलो. वस्ती आहे. अकरा घरे आहेत. माझी चूक मी वरच्या साहेबांपुढे कबूल केली, त्यांनी चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. तुझे शेवटले पान मी फाडून चुलीत घातले. त्याची गरज पडली नाही.

आता जे घडले ते लिहितो. सर्वांना समोर उभे करून मी मोजले. त्रेचाळीस भरले. तुझ्या वहीत सत्तावन. पुन्हा मोजले, तरी त्रेचाळीस. चौदा माणसे जास्त. मला वाटले, हा पुन्हा शिरा. तिथल्या तिथे तुला मनात नको ते बोललो. आणि खरे सांगायचे तर त्या म्हातारीवरही आवाज चढविला, ही चौदा माणसे कुठे आहेत म्हणून.

ती उठली आणि वस्तीच्या शेवटच्या मोहाकडे चालू लागली. मी मागे गेलो. झाडाखाली लाकडाचे खांब उभे होते, माणसाच्या कमरेएवढे. त्यांवर चंद्र, सूर्य, घोड्यावर बसलेला माणूस, असे कोरलेले. काही ताजे, काही पावसाने झिजून गुळगुळीत झालेले. मोजले. चौदा. त्यांच्या गेलेल्या माणसांचे ते खांब.

बुदीबाईने एकेकावर हात ठेवून नाव घेतले. वही माझ्या हातात होती. जी नावे मला वस्तीत सापडली नव्हती तीच, आणि तुझ्याच क्रमाने. तिसऱ्या नावाला मी पायातल्या वहाणा काढल्या. मी तिला समजावून म्हटले की सरकार जिवंत माणसेच मोजते. ती म्हणाली, "ते घरचेच आहेत. त्यांना सोडून कसं सांगू?"

एकवीस वर्षे मी मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवतो. ही बेरीज मला नवी होती. वारा नव्हता, मोहाचे एक पान पडलेले ऐकू आले.

सरकारात त्रेचाळीस लिहिले. तुझी वही तिने मागितली, ती देऊन आलो. त्याआधी तिच्या सांगण्यावरून सत्तावन नावे मोठ्याने वाचली. सगळी वस्ती ऐकत होती.

तू लिहिलेस ते खरे लिहिलेस. तुला ते ठाऊक नव्हते, तरी खरे लिहिलेस. घाटी सायकललाच आहे, काढवत नाही.

तुजवरचा लोभ ठरला.
भगवानराव


॥ श्री ॥
बऱ्हाणपूर, ता. ३ मार्च १९६१

सौ. शालूबाईस,
सुपड्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

भाऊजीचं पत्र पंजाबरावांनी मोठ्यानं वाचलं. पाय आता जमिनीले टेकते.

एक इचारू का? माह्या नावाले सारे हसतात, मी बी हसतो. मले जन्मल्यावर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं अन् परत उचललं, वाईटाची नजर लागू नये म्हून. माह्या आधीचे दोन गेलते म्हून. हे सारं मले ठाऊक हाये. पण त्या दोघाईची नावं काय होती, हे आजवर मी इचारलं नाई अन् कोणी सांगतलं नाई. तुह्या ध्यानात असन तं लिही. त्या म्हातारीले चौदा याद होते, अन् मले माह्ये दोन बी ठाऊक नाईत.

उत्तराची वाट पाहतो, लोभ तं तुह्या हातचाच हाये.
सुपडा


॥ श्री ॥
मोताळा, ता. ११ मार्च १९६१

चि. सुपड्यास,
शालूबाईचे अनेक आशीर्वाद.

होळी झाल्यावर माहेरी आली, तुह्यं पत्र संगंच आणलं. मी तेव्हा लहान होती, मले नावं याद नव्हती. आईले इचारायची हिंमत होत नव्हती. काल ती अंगणात ज्वारी पाखडत होती, तेव्हा तिच्याजवळ बसली अन् पयले बेहडा टापरीची सारी गोठ सांगतली. शेगाव खोटं होतं हे बी सांगून टाकलं. त्याच्या शिव्या तिनं राखून ठेवल्या हायेत. मंग इचारलं.

तिच्या हातातलं सूप थांबलं. मले वाटलं आता रडते. रडली नाई. म्हणे, "मले चार. पयली तू, मंग त्रिंबक, मंग गोदी, मंग सुपडा." जसं कोणी रोजच इचारते. त्रिंबकाले जन्मापासूनच लय केस होते म्हणे. तं ओसरीतून बाबा बोलले, मान वर न करता, का गोदीले गूळ लागे, माह्या खिशात हात घालून काढे. एकोणीस वर्षांत या घरात ही नावं मी आयकली नव्हती, अन् आई-बाबा दोघाईच्या तोंडावर होती.

मंग आईनं पुन्हा सूप हातात घेतलं. सारी ज्वारी पाखडून झाल्यावर म्हणे, सुपड्याले लिही, येताना त्या डोंगरातून ये. अन् त्या बाईले नीट इचारून ये का ते खांब कोणत्या लाकडाचे करतात. सागाचे असतीन तं आपल्या गोठ्यामागं एक लाकूड पडेल हाये, दोघाईले पुरन.

आईचा लोभ चौघांवर हाये. तुह्या वाट्याचा घरी येऊन घे.
तुह्यी बहीण,
शालू