शेवाळमुक्त दिवाणखाना

२ नोव्हेंबर
शेवाळाचा निकाल लावला. कायमचा. काच घासली, पाणी बदललं, दगड ब्रशने धुतले. माझ्या टाकीत मासे नाहीत, मासे घाण करतात. नुसती पाणवनस्पतींची बाग. अख्ख्या ओलोमोउत्स शहरात अशी दुसरी नाही. वरच्या मजल्यावरच्या कुबाटची आहे म्हणतात, पण तो फुशारक्या मारतो.

९ नोव्हेंबर
शेवाळ आलं. माझी चूक नाही. दिवे जास्त वेळ चालू राहिले, कारण मी बागेकडे बघत बसलो होतो.

१० नोव्हेंबर
बायको, व्लास्ता, म्हणाली की दिवाणखान्यात डबकं खपवून घेणार नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिची आई जेवायला येते. तोवर काच लख्ख दिसली नाही तर टाकी तळघरात, आणि वाटलं तर तूही तिथेच राहा. तळघरात बाग मरेल! डोळ्यांत पाणी आलं.
खत दुप्पट घातलं. झाडं दणकट झाली की शेवाळ उपाशी मरणार. साधं सायन्स आहे.

१७ नोव्हेंबर
शेवाळ दणकट झालं.
जिन्यात कुबाटला विचारलं, सहज. म्हणाला, खत बंद कर, हात बाहेर ठेव आणि महिनाभर काही करू नकोस, राजा. याला आळस म्हणतात.

२६ नोव्हेंबर, सकाळ
अंधाराचा उपचार. टाकीवर ब्लँकेट. आठवडाभर बघायचं नाही.

दुपार
एकदाच बघितलं. टॉर्चने.

संध्याकाळ
तेही टॉर्चनेच. तेवढ्याने काही होत नाही.

२० डिसेंबर
ब्रह्मास्त्र! टाकी रिकामी करून घासली. झाडांचं पान न् पान पुसून ती बाथरूममधल्या टबात गार पाण्यात सोडली. टब नेमका आजच घासूनपुसून तयार होता. देव पाठीशी आहे.

२१ डिसेंबर
व्लास्ताने दरवर्षीसारखा चौकातून नाताळचा कार्प मासा जिवंत आणला आणि दरवर्षीसारखा, तळायचा दिवस येईपर्यंत, टबात सोडला. मला म्हणाली, त्याच्यासाठी पाला घातलास, बरं वाटलं हो, एकदा तरी घरात कामाचं काही केलंस.
टबात एक देठ उरलाय. मी कार्पसमोर बसून रडलो. तो तोंड हलवत होता.

२३ डिसेंबर
व्लास्ताला आंघोळ करायची होती. कार्प टाकीत हलवला. काच मात्र लख्ख. शब्द म्हणजे शब्द.

२५ डिसेंबर
सासूबाई काल संध्याकाळभर काचेला नाक लावून बसल्या. कार्पचं नाव पेपिक ठेवलं. नाव ठेवलेल्याला कोण तळणार? नुसतं बटाट्याचं सॅलड खाल्लं. टाकी दिवाणखान्यातच राहणार, असं व्लास्ताने जाहीर केलं. मी जिंकलो.

९ जानेवारी
सासूबाई म्हणतात पेपिक सुकलाय, त्याला शेवाळ हवं. व्लास्ता म्हणाली, इतके दिवस ढिगाने पिकवत होतास ना, मग दे की आता.
दिवे दिवसभर चालू ठेवले. खत घातलं. भिंग घेऊन काच तपासली. कणभर नाही! मेल्याला आत्ताच रुसायचं होतं.
शेवटी डबा घेऊन वर कुबाटकडे गेलो, थोडं शेवाळ मिळेल का विचारलं. कुबाट इतका हसला की त्याने बायकोला आतून बोलावलं आणि मला तेच पुन्हा म्हणायला लावलं.
म्हणालो. पेपिकसाठी.