नाना, तुमच्या सिलॅबसला हार घातला

प्रिय नाना,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला एरवी जमलं नसतं. पण आज कॉलेजातल्या जिवंत माणसांशी बोलायची इच्छाच उरलेली नाही, तेव्हा तुमच्याशिवाय लिहू कोणाला?

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं आणि तुमचा सिलॅबस माझ्या हातात ठेवला. छापील! गुळगुळीत कागद, चहूबाजूंनी काळी चौकट, वर तुमचा फोटो. फोटो स्टाफच्या ग्रुपफोटोतून कापलेला, त्यामुळे तुमच्या खांद्यावर कोणाचा तरी हात तेवढा राहिलाय. धडाशिवाय. खाली ठळक अक्षरात ‘कै. नानासाहेब स्मृती अभ्यासक्रम’. अहो, माणसाची स्मृती समजू शकतो, पण पहिल्या वर्षाच्या भूगोलाची? या अभ्यासक्रमाची एक मोठी प्रत काचेत बसवून प्राचार्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलीय आणि शिपायानं रीतीप्रमाणे तिला हार घातलाय. पोरं दाखल्यांसाठी ऑफिसात येतात, चपला बाहेर काढतात आणि सिलॅबसला नमस्कार करून जातात. वाचत कोणीच नाही, कारण खुर्चीच्या मागे जाऊन वाचायची परवानगी नाही.

उद्या सकाळी हा अभ्यासक्रम मंजूर करायला समितीची बैठक आहे. आपल्या विभागात मागे उरलेला एकटा मीच, तेव्हा ‘हा अभ्यासक्रम नानांचाच’ अशी सही मी करायची आहे. मग या नमुन्याच्या बाकी प्रती छापखान्यात निघणार. आणि तो तुमचा नाही, नाना. तुमचा असता तर मी त्या हाराकडेही दुर्लक्ष केलं असतं.

तुम्ही आलात तेव्हा इथे सिलॅबस म्हणजे काय वस्तू होती, आठवतं? विद्यापीठाची एक पुस्तिका, प्राचार्यांच्या कपाटात, किल्ली हेडक्लार्ककडे. प्राध्यापकाला ती वर्षातून एकदा दर्शनाला मिळायची. पोरांना काय शिकायचंय हे स्टँडवरच्या गाईडवाल्याकडून कळायचं. आणि तुम्ही पहिल्याच तासाला सायक्लोस्टाईल केलेला कागद प्रत्येकाच्या हातात दिलात! कोणत्या आठवड्यात काय, ते कशासाठी, त्यातून काय करता आलं पाहिजे, चाचणीत काय विचारणार. सगळं उघड.

स्टाफरूममध्ये केवढा गहजब! कॉमर्सचे शेळकेसर तर चहा टाकून उठले.

“नाना, सगळं आधीच सांगून टाकलं तर कार्टी वर्गात येतील कशाला?”

“मग काय लपवून ठेवू?” तुम्ही म्हणालात. “खून कोणी केला ते शेवटी सांगायला भूगोल म्हणजे रहस्यकथा आहे होय?”

मी तुमचा मित्र झालो तो त्या क्षणी. तुमच्या विड्यांचा वास पुढे सोसला तोही त्याच एका वाक्यापायी.

मे महिन्यात तुम्ही एका हातात विद्यापीठाची पुस्तिका आणि दुसऱ्या हातात पंचांग घेऊन बसायचात. मार्चपासून उलटे मागे यायचात. मार्चात पोराला नकाशा वाचता आला पाहिजे ना, मग जानेवारीत काय यायला हवं? त्यासाठी दिवाळीआधी काय? आणि मध्ये पेरणी कधी, पोळा कधी, कोणत्या गावची जत्रा कधी, ऊसतोड कधी सुरू होते, ते सगळं पंचांगाच्या समासात.

“काय नाना, परीक्षा लावताय का लग्न?” फिजिक्सचे खरातसर खिदळले होते.

“मुहूर्तच बघतोय. गेल्या साली पोळ्याच्या दिवशी तुमच्या चाचणीला कोण आलं होतं हो?”

त्या दिवशी त्यांच्या वर्गात एकटे तेच होते, आणि तरी त्यांनी सबंध वर्गाला शून्य दिलं होतं!

तक्रार एकच आहे, आणि ती आज करतो. तुमचं अक्षर! तीन वर्षं स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडे. मुंग्यांच्या रांगेवर कोणीतरी पाय दिल्यासारखं ते अक्षर मी लावत बसायचो. दुसरी तक्रार याहून मोठी. छातीत कळ येते हे सांगितलं का नाही? पोरांना पुढच्या मार्चापर्यंतचं सगळं सांगत होतात की! आम्हाला एवढंही नाही? राहू द्या. यावर आज भांडत नाही.

आज भांडण आहे सहाव्या आठवड्याचं.

तुमच्या कागदावर सहाव्या आठवड्याला एकच ओळ होती. ‘आपल्या गावात पाणी कोठून येते? चालत जाऊन पाहणे व नकाशा काढणे.’ बहात्तरचा दुष्काळ आला. अर्धा वर्ग दुष्काळी कामावर खडी फोडत होता. प्राचार्य म्हणाले, हजेरी कमी, टर्म नाकारा. तुम्ही सिलॅबस बदललात. सहावा आठवडा सगळ्यात आधी घेतलात, आणि तास भरवलात खडीच्या ढिगाशेजारी, सुकडी वाटून झाल्यावर. भंडारदऱ्याच्या धरणापासून पाट कसा येतो, पाटाला चारी कशी फुटते, चारीच्या टेलाला, शेवटच्या टोकाला, कोणाची वस्ती. मीही होतो बरोबर, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तेवढं खरं शिकवणं मी परत कधी पाहिलं नाही.

तिथेच ती सुमन उभी राहिली. टेलाच्या बौद्धवाड्यातली. घरातली पहिली कॉलेजात आलेली. पदर खोचून, खडी फोडायच्या हातानं पेन्सिल धरून.

“सर, पानी टेलाला कदीच पोचत न्हाई. मंग नकाशात निळी रेघ कशापायी वढायची?”

“मग कशी ओढशील?”

“जिथवर पानी हाय तिथवर वढते. फुडं कोरडंच ठिवते.”

तुम्ही तिला म्हणालात, “ठेव.” एवढंच. दुसरा कोणी असता तर पाटबंधारे खात्याचा नकाशा दाखवून तिला खाली बसवलं असतं.

तो नकाशा तुम्ही कॉलेजच्या फलकावर लावलात. निळी रेघ आपल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मळ्यापर्यंत अगदी ठसठशीत, आणि त्यांच्या बांधावर संपलेली! सुमननं काही आरोप केला नव्हता, नाव लिहिलं नव्हतं. नुसती चालून आली होती. अध्यक्षसाहेब झेंडावंदनाला आले आणि फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग प्राचार्यांना म्हणाले, “चांगलं शिकिवताय की! पोरांना नकाशाबी काढता येतो आता.” आवाजात काय होतं ते फलकाच्या टाचण्यांनाही कळलं असावं. संध्याकाळपर्यंत नकाशा गायब, आणि तुमच्या हातात ‘कारणे दाखवा’ नोटीस.

माघात तुम्ही गेलात. शोकसभेत सगळ्यात मोठा हुंदका अध्यक्षांचा. मग तुमच्या नावानं निघाली ही समिती. त्या समितीचं काय सांगू नाना! सिलॅबस कसा करतात ते बघायचं असेल तर पोटात काही नसताना बघावं. पहिल्या बैठकीला कोणीही ‘पोरांना काय आलं पाहिजे’ असं विचारलं नाही. प्रत्येकानं आपापलं आणून ओतलं. शेळकेसरांनी व्यापारी बंदरं आणली, कारण त्यांच्या मेहुण्याचं त्यावर गाईड आहे. खरातसरांनी ग्रहणं आणली. ग्रंथपालांनी ‘भूगोलाची थोरवी’ आणली, ती कुठे ठेवायची ते अजून ठरलेलं नाही. आठवडे मोजायला कोणी बसलंच नाही. पंचांग तर तुमच्याबरोबरच गेलं. आता हे सगळं शिकवायचं तर पोरांना इथेच म्हातारपण काढावं लागेल.

आणि सहावा आठवडा? काढला. तिथे आलंय ‘परिसरातील थोर व्यक्तींचे जलसिंचन कार्य’. थोर व्यक्ती कोण, ते तुम्हाला सांगायला नको.

आज दुपारी मी विचारलं, “प्रती पोरांना कधी वाटायच्या?”

प्राचार्य दचकले. “पोरांना? अहो, आर्ट पेपर आहे! फाडतील मेली. मान्यवरांना देऊ, विद्यापीठाला देऊ, बाकी कपाटात.”

“मग पोरांना काय शिकायचंय ते कळणार कसं?”

“भिंतीवर आहे की!”

वर मला बाजूला घेऊन मऊ आवाजात म्हणाले, “सही करून टाका. विभागप्रमुख कोणाला करायचं ते अजून ठरायचंय. अध्यक्षसाहेबांचा पुतण्या पण एम. ए. झालाय भूगोलात.” नाना, मला धमकीचा राग नाही आला. किळस आली ती त्या मऊ आवाजाची. शिंक्यावरचं दूध नासलं की वास येतो ना, तसा तो आवाज.

बाहेर आलो तर व्हरांड्यात सुमन उभी. ती आता दुसऱ्या वर्षाला जाईल. शिपायाची नजर चुकवून आत जाऊन भिंतीवरचं सगळं वाचून आली होती. बहुधा ते वाचणारी ती पहिलीच.

“सर, आमची टेलाची वाट गाळली त्यातून.”

“हो.”

“आन् नानासरांचं नाव ठिवलं.”

“हो.”

“मंग नाव तरी काढा म्हनावं. उद्या नवी पोरं वाचतील, त्यास्नी वाटंल नानासरांनीच आसं लिव्हलं हुतं.”

माझ्या डोक्यात विभागप्रमुखाची खुर्ची फिरत होती, आणि ही पोरगी तुमची अब्रू सांभाळत उभी होती. तिला तर त्या कागदातून आता काही मिळायचंही नाही. तिचं पहिलं वर्ष संपलं. तरी उभी होती.

घरी येऊन वाटलं, कसला विचार करतोय मी? समितीला तुमचा सिलॅबस नकोच आहे. त्यांना तुमचं नाव हवंय, कारण त्या नावावर पोरांचा विश्वास आहे. माझ्या सहीनं तेच त्यांच्या हवाली होईल.

तेव्हा नाना, शब्द देतो. उद्या सही करणार नाही. बैठकीत सांगेन, सहावा आठवडा ठेवा, नाहीतर नाव काढा. दोन्ही नाकारलं तर ‘हा नानांचा नव्हे’ असं लिहून देईन आणि त्याखाली मात्र सही करीन, ठळक. पुतण्याला खुर्ची मिळू दे. तिचा एक पाय तसाही डुगडुगतो. आणि कॉलेज उघडल्यावर पहिल्या तासाला तुमचा खरा कागद, मीच स्टेन्सिल कापून, एकेकाच्या हातात देईन. मग वर्ग घेऊन टेलाला चालत जाईन. वाट सुमन दाखवेल. मध्ये अध्यक्षांचा मळा लागतो. तिथे थांबून पोरांना नकाशा काढायला सांगेन, आणि कोणी विचारलं, कोण तुम्ही, कशाला आलात, तर म्हणेन, सिलॅबसमध्ये आहे.

तुमचं अक्षर लावता येणारा एकटाच,
दिगंबर