तुझ्या तोंडचा होकार

बा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे कागदावर उतरवायचा मला धीर होतोय.

आई गेली आणि तू मला पनवेलला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलंस. दर रविवारी मिठागरावरून चालत यायचास, फडक्यात सुकट बांधून. प्रार्थना संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसायचास, आणि तुझ्या पायांच्या भेगांतलं मीठ मुलींना दिसू नये म्हणून मी तुला कुंपणापलीकडे न्यायची. माझ्या बाप्तिस्म्याआधी पाळकसाहेबांनी तुझी परवानगी विचारली. तू म्हणालास, "मना काय इचारता? पोरीला इचारा. ती हो बोलली त हो." मी हो म्हणाले. त्यापायी भावकीने तुला वर्षभर लग्नाकार्याला बोलावलं नाही. हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी त्याच मिशनच्या दवाखान्यात नर्स, आणि तू माझ्याच वॉर्डात, न्यूमोनियाने धापा टाकत. पाळकसाहेब रोज विचारतात, "वडिलांचं तारण झालं का? उद्या देव तुम्हालाच जाब विचारील." बाप्तिस्म्याविना गेलेली आई नरकात आहे असं मला शिकवलेलं, निदान तू तरी वाचावास. मी उशाशी बसून म्हणते, "बा, येशूला हो म्हण." तू डोळे उघडतोस. आवाज खोल गेलेला, पण शब्द स्वच्छ. "नाय बाय. तुजी आय जिकरं गेली, तिकरंच मना जायाचं हाय." दुपारी तुझी शुद्ध हरपली. पाळकसाहेबांनी दारातूनच विचारलं, "केलं कबूल?" मी म्हणाले, "हो." त्यांनी तुझ्या कपाळावर पाणी शिंपडलं. संध्याकाळी तू गेलास.

काका तिरडीचे बांबू घेऊन आला. पाळकसाहेब आडवे आले, तेव्हा तो त्यांच्याशी भांडला नाही, माझ्याकडे वळला. "तू सांग बाय. दादा हो बोलला?" मी होकारार्थी मान हलवली. आईला जाळलं त्या खाडीकाठी तुला न्यायला आणलेले बांबू खांद्यावर टाकून तो परत गेला. तुझ्या कबरीच्या दगडावर बायबलातलं नाव आहे. ते तू कधी ऐकलंही नव्हतंस.

तुझ्या आत्म्यासाठी खोटं बोलले, असं मी किती वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं तर मी घाबरले होते. मिशनचं मीठ खाऊन हिला स्वतःचा बाप वळवता आला नाही, असं लोक म्हणतील याला. लाज वाटते, बा.

आज हे तुला वाचून दाखवायला कबरीपाशी गेले होते. शेजारी पाळकसाहेबांच्या कबरीवर त्यांची म्हातारी बायको फुलं ठेवत होती. म्हणाली, "भाग्यवान तुमचे वडील. शेवटी का होईना, हो म्हणाले." मी कागद पदराखाली घेतला आणि म्हणाले, "हो."