दत्त्याचा कूलर

बुधवार, संध्याकाळ. चाकण.

आज आईला फोन लावला तर मागं नुसता घर्रर्र आवाज. म्हणलं हे काय? तर म्हणते, "अरे, आपला कूलर!" आपला म्हणे.

दत्त्यानं, माझ्या धाकट्या भावानं, कळमनुरीच्या बाजारातून हा जुना कूलर आणला तेव्हा मी लई हसलो होतो. भंगार उचललंस म्हणलं. त्यानं नवा वाळा बसवला, अन् आता सगळं घर त्याच्यासमोर झोपतं. शेजारची मावशीबी दुपारची येऊन बसते.

"पाणी गळत असंल ना?" मी विचारलं.

"थेंब न्हाई. अन् वास असा गार सुटतो, काय सांगू!"

मग माझा पंखा कुठंय? पहिल्या पगाराचा. एसटीत रातभर मांडीवर धरून नेला होता.

"म्हशीला लावला, बापा. माशा बसत न्हाईत. निवांत दूध देऊन राहिली."

म्हशीला!

घर्रर्रमधी मला धड ऐकू येईना. म्हणलं, दोन मिनिटं बंद कर ना. तर म्हणते, "राहू दे रे, तूच जरा मोठ्यानं बोल."

दत्त्या वाईट न्हाई, कळतं मला. पण काहून दरवेळी त्याचंच चांगलं निघतं?

फोन ठेवताना आईनं विचारलं, "तुला तिथं वारा लागतो का रे?"

आमची पत्र्याची खोली, अन् इथला पंखा कधीचा बंद पडलेला.

मी मोठ्यानं वरडलो, "लई लागतो!"